‘मोबाइलनं बिघडलेलं पोरगं मोबाइल काय बरं करणार?’ या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, की मुलांवर ॲपवरून, ऑनलाइन मानसिक उपचार ही निव्वळ फसवणूक आहे, पुरावा काही नाही, नुसतं म्युझिक लावून श्वास घ्यायला लावतात, पोरं एकटी पडतात आणि खरं औषध म्हणजे आईबापाचा धाक. मी शाळेत शिकवते, आणि हे वाचून लोक चालू उपचार बंद करतील याची मला खरंच काळजी वाटते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

मोबाइलनंच बिघडली म्हणे. अहो, रात्री दोनपर्यंत रील्स बघणं वेगळं आणि आठवड्याला एक धडा करणं वेगळं. उपचार म्हणजे तो फोन नव्हे, त्यातली सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, विचारांची आणि वागण्याची सवय हळूहळू बदलायचा उपचार, जी डॉक्टरांसमोर बसून करतात तीच.

नुसतं म्युझिक आणि श्वास? समजा नववीतली मुलगी अनोळखी माणसाशी बोलायलाच घाबरते. तर तिच्याकडून भीतीची शिडी बनवून घेतात, सगळ्यात सोपी पायरी खाली. पहिली पायरी, नवी पेठेतल्या दुकानात एकटीनं जायचं, ओढणीची किंमत विचारायची आणि काही न घेता परत यायचं. जायच्या आधी फोनवर लिहायचं की भीती 10 पैकी किती आणि काय होईल असं वाटतंय, ती लिहिते 8, दुकानदार खेकसेल. आल्यावर लिहायचं खरंच काय झालं. भीती उतरेपर्यंत तेच परत परत, मग पुढची पायरी, शेवटी वर्गात हात वर करणं. खरं काम स्क्रीनच्या बाहेरच होतं की ओ!

पुरावा नाही हे तर साफ चूक. न्यूझीलंडमध्ये स्पार्क्स नावाचा, खेळता खेळता सीबीटी शिकवणारा गेम आहे, नैराश्याची लक्षणं असलेल्या 187 मुलांवरचा त्याचा अभ्यास 2012 मध्ये आला, नेहमीच्या समुपदेशनापेक्षा तो कमी पडला नाही. स्वीडनमध्ये ओसीडी, म्हणजे नको ते विचार सारखे येणं आणि त्यापायी तीच कृती परत परत करणं, हा आजार असलेल्या 152 मुलांचा अभ्यास 2021 चा, अर्ध्यांना आधी इंटरनेटवरून उपचार आणि ज्यांना तेवढं पुरलं नाही त्यांना मग समोरासमोर, बाकीच्यांना पहिल्यापासून समोरासमोर, आणि शेवटी पहिला गट मागं नव्हता. लांब कशाला, गोव्यातल्या संगत संस्थेनं शाळेतल्या मुलांसाठी पॉड ॲडव्हेंचर्स हा गेम केलाय, तोही समुपदेशकाच्या मदतीनं खेळायचा.

पोरं एकटी पडतात, यात मात्र तथ्य आहे. नुसतं ॲप डाउनलोड करून हातात दिलं तर बरीच मुलं मधेच सोडतात. मागं माणूस हवा, धडा वाचून उत्तर देणारा, अडलं तर फोन करणारा. लहान मुलांच्या कार्यक्रमात तर आईवडिलांचे वेगळे धडे असतात, पोराच्या वतीनं तुम्हीच उत्तर देऊ नका, वगैरे. म्हणून ॲप घेताना आधी विचारा की मागं कोण आहे आणि पोराची माहिती कुठं जाते.

धाकाचं काय बोलू, आधीच घाबरलेल्या पोराला अजून घाबरवून ते बरं कसं होईल?

आणि मूल स्वतःला इजा करत असेल, मरायचं बोलत असेल, जेवण सोडलं असेल, कानात आवाज येतात म्हणत असेल तर ॲपच्या भरवशावर अजिबात राहू नका, सरळ सिव्हिल गाठा नाहीतर मनोविकारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री काही सुचेना तर सरकारच्या टेली मानसला 14416 वर फोन लावा, फुकट आहे, 24 तास, मराठीत बोलतात. तो मेसेज जिथं जिथं आलाय तिथं हा नंबर टाका.