"सहा दिवस उशीर" म्हणणाऱ्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्हाला झालेल्या मनस्तापाबद्दल माफी मागतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेममधल्या तुमच्या गिल्डच्या (खेळाडूंच्या गटाच्या) पहिल्या सेशनआधी तुमच्या पात्राची बॅकस्टोरी, म्हणजे पूर्वकथा, तुमच्या हातात पडायला हवी होती, ती पडली नाही. दिलगीर आहे.

पण "सहा दिवस उशीर, वर माझ्या पात्राचा इतिहासच कापला, हे लेखक नाहीत, लोर-पोलीस आहेत" (लोर म्हणजे गेमची अधिकृत कथा) हे वाचून काल झोप लागली नाही, म्हणून लिहितो. आपलं ठरलं होतं ते ह्यूमन डेथ नाइटचं, म्हणजे मेल्यावर पुन्हा उठवलेल्या माणूस-योद्ध्याचं. आर्थसने, म्हणजे मृतांच्या फौजेचा राजा असलेल्या लिच किंगने, उठवलेला आणि लाइट्स होप चॅपलच्या लढाईत डॅरियन मोग्रेन या डेथ नाइटबरोबर त्याच्या तावडीतून सुटलेला. ती गोष्ट चौथ्या दिवशी लिहून झाली होती, फक्त नावं तपासायची राहिली होती. पाचव्या दिवशी रात्री पावणेबाराला तुमचा मेसेज आला: "रेस पांडारेन केलीय, बाकी सगळं तेच ठेवा." पांडारेन म्हणजे गेममधली पांडासारखी जमात.

बाकी तेच राहतं कुठे हो? डेथ नाइट आले २००८ मध्ये, 'रॅथ ऑफ द लिच किंग' या गेमच्या विस्ताराबरोबर. पांडारेन खेळता यायला लागले २०१२ मध्ये. आणि पांडारेन डेथ नाइट करायची सोय झाली २०२० च्या ८.३ पॅचमध्ये, म्हणजे अपडेटमध्ये. अधिकृत कथेत त्यांना उठवलं ते आर्थसनंतर लिच किंग झालेल्या बोल्वार फोरड्रॅगनने. आर्थस तोवर कधीच संपलेला होता. म्हणजे तुमचा नायक चॅपलच्या लढाईत असूच शकत नाही. गिल्डमधल्या एखाद्या जुन्या मेंबरने पहिल्याच रात्री हे विचारलं असतं, तर उत्तर तुम्हाला द्यावं लागलं असतं, मला नाही.

पोलीस असतो तर "नाही जमत" म्हणून मोकळा झालो असतो. मी वाट शोधली. चेन स्टॉर्मस्टाउट हा पांडारेन २००३ च्या 'फ्रोझन थ्रोन' या जुन्या वॉरक्राफ्ट गेमपासूनच बाहेरच्या जगात भटकतोय. मग तुमचा पांडारेनही वॉन्डरिंग आइल हे त्यांचं बेट सोडून निघू शकतो, नॉर्थरेंडमध्ये आर्थसविरुद्ध लढताना मरू शकतो, बर्फात वर्षानुवर्षं पडून राहू शकतो आणि बोल्वारच्या हाकेला उठू शकतो. भावाचा मृत्यू, मोडकी तलवार, आर्थसबद्दलचा राग, सगळं शाबूत आहे. गेला तो फक्त चॅपलचा प्रसंग. त्या जागी एक जुना नाइट त्याला त्या लढाईची हकीकत सांगतो आणि हा मान खाली घालून ऐकतो. मला तर हे मूळ प्रसंगाहून जास्त आवडलं, पण ते असो.

"कथा माझी, मी ठरवीन" हे तुमचं म्हणणं मान्य. मात्र फॉर्मवर "गिल्ड लोर काटेकोर पाळतो" यावर खूण तुम्हीच केली होती.

आता दिवसांचं. कबूल केलेले दिवस सात, गोष्ट मिळाली तेराव्या दिवशी, हे खरं. पण पांडारेनची गोष्ट सुरूच झाली पाचव्या रात्री. तिथून मोजलं तर आठ दिवस होतात, म्हणजे उशीर एका दिवसाचा. तो एक दिवस माझा, त्याला सबब नाही.

मधेच रेस बदलली तर नवी तारीख आधी कळवायची, असं आता ठरवलंय. फॉर्ममध्येही थोडी सुधारणा करतोय. चॅपलचा प्रसंग हवाच असेल तर त्याला पडलेलं स्वप्न म्हणून लिहून देतो, वेगळे पैसे नकोत. तारा एकच राहू दे, पण ते "सहा दिवस" तेवढं बदललंत तर बरं होईल.