‘पाच रन घ्या, सर्वात कमी वेळ धरा’? पंगतीत हे चालत नाही

समांतर प्रोग्रामचा वेग मोजण्याबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतो: ‘ऑपरेटिंग सिस्टिमची लुडबुड, म्हणजे नॉइज, जेमतेम एक टक्का. ती सगळ्या नोडांवर (म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांवर) सारखीच. पाच रन घ्या, सर्वात कमी वेळ धरा, विषय संपला.’ लॅपटॉपवर एका कोअरपुरतं हे ठीक आहे, मीही तेच करतो. सुपरकॉम्प्युटरवर नाही.

‘जेमतेम एक टक्का.’ एका नोडवर, हो. पण ऑलरिड्यूस, म्हणजे सगळ्या नोडांचे आकडे एकत्र करून निकाल सगळ्यांना देणारी क्रिया, ही पंगतच. शेवटच्याचा ताकभात संपेपर्यंत कुणी उठत नाही. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या एएससीआय क्यू मशीनवर (8192 प्रोसेसर, नोडमागे 4) सेज हा प्रोग्राम मोठ्या रनमध्ये अपेक्षेच्या निम्म्या वेगाने रखडत होता. नोडमागे 3च प्रोसेसर घेतले की उलट लवकर संपायचा, कारण चौथा सिस्टिमच्या किरकोळ कामांना मोकळा राहायचा. पेट्रिनी, कर्बिसन आणि पॅकिन यांनी 2003 मध्ये हे उलगडून दाखवलं. दहाएक डेमन, म्हणजे पडद्यामागे चालणारे सिस्टिमचे प्रोग्राम, बंद केले (त्यांत छपाईचा एलपीडीही होता, तिथे कोण काय छापणार होतं देव जाणे), देखरेख विरळ केली, आणि प्रोग्रामची एक ओळही न बदलता वेग दुपटीच्या आसपास गेला.

‘सगळीकडे सारखीच.’ तिथेच 32 नोडांच्या प्रत्येक गटात ठरावीक नोडांवर जास्तीचे डेमन होते.

‘सर्वात कमी वेळ खरा.’ हा मुद्दा सर्वात फसवा. समजा, एका पायरीत (एका ऑलरिड्यूसपासून पुढच्यापर्यंत) एका नोडला अडथळा येण्याची शक्यता हजारात एक. मग 2000 नोड एकदम निर्वेध सुटण्याची शक्यता साधारण 13.5 टक्के, आणि सलग दहा पायऱ्या निर्वेध जाण्याची अब्जात दोन. खऱ्या प्रोग्रामात पायऱ्या हजारो. पाचांतला किमान आकडासुद्धा नॉइज पोटात घेऊनच येतो.

‘मग लॉजिकल क्लॉक लावा.’ मूळ कल्पना लॅम्पोर्ट यांची, 1978 ची; ते घटना मोजत. इथे सेकंदांऐवजी लूपच्या फेऱ्या मोजायच्या. संदेश आला की पाठवणाऱ्याचा आणि आपला यांतला मोठा आकडा धरून पुढे जायचं. डेमनने मध्येच प्रोसेसर बळकावला तरी फेऱ्या तेवढ्याच, त्यामुळे कामाची असमान वाटणी प्रत्येक रनमध्ये तशीच दिसते. उपयोगी आहेच. पण मेमरी बँडविड्थसाठी (मेमरीतून डेटा आणण्याच्या वाटेसाठी) कोअर भांडत असतील तर या घड्याळाला पत्ताही लागत नाही. फेऱ्यांऐवजी इन्स्ट्रक्शन मोजाव्यात, तर एमपीआय (नोडांमधले संदेश नेणारी लायब्ररी) वाट बघताना जागच्या जागी फिरते तेही मोजलं जातं, आणि हाकललेला नॉइज पुन्हा घरात.

म्हणून मी दोन्ही घड्याळं शेजारी ठेवतो. ताटकळणं दोन्हींवर दिसलं तर आधी वाटणी तपासतो. फक्त सेकंदांवर दिसलं तर मेमरी आणि डेमनांची यादी.