पाच शेंगा, दहा दाणे

राजवाड्यासमोरच्या कट्ट्यावर बंडूनं नेहमीची काडी टाकली, "युनो म्हणजे नुसती पाटी. काढली युद्धं थांबवायला आणि थांबत तर एकबी नाही."

"कुठली युद्धं, ते विचार आधी," मास्तर म्हणाले. "युनोच्या आधीचा, १९२० चा राष्ट्रसंघपण त्याचसाठी होता. तिथं ठरावाला सगळ्यांचं एकमत लागायचं. अमेरिका तर आलीच नाही, संघ ज्या तहातून निघाला तो तहच त्यांच्या सिनेटनं नाकारला. जपाननं १९३१ ला मांचुरिया घेतला. संघानं दोष दिला, तर जपान उठून चालता झाला. इटली १९३५ ला ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात घुसली. निर्बंध घातले, पण यादीतून तेल वगळलं. रणगाडे काय उसाच्या रसावर चालतात? १९४५ ला युनोची सनद लिहिताना हेच डोक्यात होतं. मोठे बाहेर पडले की संघ संपला. म्हणून त्यांना आत धरून ठेवायला नकाराधिकार दिला, एकट्याच्या 'नाही'नं ठराव पाडायचा हक्क. मोठ्यांचं एकमेकांत जुंपू नये, हा मूळ हेतू."

"म्हणजे लाचच की."

"लाच म्हण. त्याशिवाय ते आलेच नसते."

मग मास्तरांनी कागदावर शेंगांचा पुडा उलटा केला. पाच शेंगा अख्ख्या ठेवल्या, दहा दाणे सोलून शेजारी मांडले. ही युनोची सुरक्षा परिषद. शेंगा म्हणजे कायमचे पाच मोठे : अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स. दाणे म्हणजे निवडून येणारे दहा देश. ठरावाला नऊ मतं लागतात आणि पाच शेंगांपैकी एकीचंही विरोधी मत चालत नाही. चौदा एका बाजूला आणि एक शेंग विरुद्ध, की ठराव पडला. नुसत्या चर्चेच्या कामकाजाला मात्र हा अधिकार लागू नाही. आणि शेंग तटस्थ राहिली तर? मास्तरांनी एक शेंग कागदाच्या कडेला सरकवली. ठराव पास. इथं भलेभले चुकतात.

१९५० ला कोरियाच्या वेळी हेच झालं. परिषदेतली चीनची जागा कुणाची यावरून रुसून रशियाचा प्रतिनिधी बैठकीलाच येत नव्हता, तेवढ्यात लष्करी मदतीचे ठराव झाले. ऑगस्टमध्ये तो परतला आणि वाट बंद. मग त्याच नोव्हेंबरात पळवाट काढली : परिषद अडली तर आमसभेची, म्हणजे सगळ्या सभासद देशांची, तातडीची बैठक २४ तासांत बोलवायची. १९५६ ला सुएझ कालव्यावरून इजिप्तवर हल्ला झाला तेव्हा ती कामी आली, कारण नकार देणारे ब्रिटन आणि फ्रान्स स्वतःच हल्लेखोर होते.

इथून सुभेदार आबांनी सूत्रं घेतली. "शांतिसेना हा शब्दच सनदेत न्हाई. सुएझला पहिली हत्यारबंद तुकडी उभी केली तवा निळ्या टोप्या शिवायला वेळ नव्हता. अमेरिकी हेल्मेटाच्या आतले प्लॅस्टिकचे टोप घेतले आन् निळा रंग फवारला. आपली पलटणबी होती. पर इस्रायलनं स्वतःच्या हद्दीत पाऊल ठेवू दिलं न्हाई, म्हणून सगळे इजिप्तच्या बाजूला. १९६७ च्या मे महिन्यात इजिप्त म्हणाला, निघा. निघावं लागलं. जूनमध्ये युद्ध पेटलं, त्यात गाझात अडकलेले आपले जवानबी गेले."

"मग ती फौज कसली?"

"यजमानाची संमती, कुणाची बाजू न घेणं, आन् स्वतःच्या किंवा नेमून दिलेल्या कामाच्या बचावापुरतीच गोळी. हे पाळणारी फौज."

बंडू नकाराधिकाराला शिव्या घालायला लागला, तेव्हा मास्तरांनी आफ्रिकेतल्या रवांडाचा विषय काढला. मला वाटतं चर्चेतलं सगळ्यात वजनदार वाक्य तेच होतं : तिथं कुणी नकाराधिकार वापरलाच नव्हता. एप्रिल १९९४ ला कत्तल सुरू झाली, दहा बेल्जियन सैनिक मारले गेले, बेल्जियमनं तुकडी काढून घेतली. २१ एप्रिलला परिषदेनं तिथली अडीच हजारांच्या आसपासची शांतिसेना २७० वर आणायचं ठरवलं. एकमतानं.

कारण फौज युनोची स्वतःची नसतेच. सनदेच्या कलम ४३ प्रमाणं देशांनी तुकड्या राखीव ठेवण्याचे करार करायचे होते; आजवर एकही झाला नाही. म्हणून दर वेळी आधी ठराव, मग देशोदेशी पलटणी मागत फिरायचं, गाड्या-तंबू-दवाखान्याचे करार, गाड्यांना पांढरा रंग, बोटी. यात महिने जातात. सैनिकामागं देशाला महिन्याला ठरीव रक्कम मिळते, २०१८ च्या दरानं १,४२८ डॉलर. पण सभासद देशांची वर्गणी थकली की तीही थकते.

"मग ह्या पाच शेंगा बदलाच ना!"

"कलम १०८," मास्तर म्हणाले. "आमसभेत दोन तृतीयांश मतं, तेवढ्याच देशांची मंजुरी, आणि त्यात ह्या पाचही हव्यात."

बंडूनं एक शेंग उचलली. आबा म्हणाले, "थांब, आधी तिला विचार, फोडू का म्हणून."