दापोडीच्या चित्रकाराचं नाव

पुण्याजवळच्या दापोडीत एकेकाळी मुंबई सरकारचं बोटॅनिकल गार्डन होतं. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये ते सुरू केलं. आज दापोडी म्हटलं की लोकलचं स्टेशन आणि हायवेचा ट्रॅफिक आठवतो, बागेचा विषयही निघत नाही. पण त्या बागेतून एक अप्रतिम चित्रसंग्रह जन्माला आला आणि त्याबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे.

१८३८ पासून बाग अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे होती. सरकारी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती वाढवणं हे तिथलं एक मोठं काम. जुन्नरजवळ हिवऱ्यालाही त्यांची लागवड होती. पुढे १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे जंगल संरक्षक झाले. घाटावरची झाडं तोडली की खाली कोकणातले ओढे आटतात, हे त्यांनी त्या काळात सरकारला बजावलं होतं. माणूस मोठा होता, यात वादच नाही.

याच सुमारास, १८४७ ते १८५० या काळात, एका चित्रकारानं दापोडीत वनस्पतींची दीडशेहून जास्त जलरंगातली चित्रं काढली. ती आता एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. तिथले अभ्यासक हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांच्यावर 'द दापुरी ड्रॉइंग्ज' हे देखणं पुस्तक केलं. त्यातून चित्रकाराबद्दल कळतं ते एवढंच, की तो पोर्तुगीज-भारतीय होता. त्या काळी इंग्रज आपल्याकडच्या ख्रिस्ती माणसालाही सर्रास पोर्तुगीज म्हणत. म्हणजे हा कलाकार गोव्याचा असेल, वसईचा असेल, मुंबईचाही असेल. नाव मात्र कुठेच नाही.

मला हे फार लागतं. वनस्पतीचं चित्र काढायचं म्हणजे फूल कोमेजायच्या आत त्याचा रंग पकडायचा, पाकळ्या उलगडून आतले पुंकेसर दाखवायचे, पानाच्या शिरा खऱ्या असतात तशाच ओढायच्या. चुकीच्या शिरेमुळे अभ्यासकाची ओळख चुकू शकते. हे हातकाम नव्हे, पाहण्याची विद्या आहे. शिवाय असं काम एकट्याचं कधीच नसतं. जंगलातून रोप आणणारा, ते वाफ्यात जगवणारा माळी, चित्रकार आणि शास्त्रीय नाव देणारा डॉक्टर अशी सगळ्यांची मिळून ती निर्मिती असते. त्यातल्या एकाच माणसाचं, गिब्सन यांचं, नाव आज पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे. यात नोल्टींचा दोष नाही. बाकीच्यांची नावं तेव्हाच लिहिली गेली असती तर ती आज छापता आली असती.

आणि 'तेव्हा तशी पद्धतच नव्हती' हे उत्तर मला पटत नाही. पद्धत होती. त्याच्या सुमारे एकशेसत्तर वर्षं आधी कोचीनच्या डच गव्हर्नरनं, व्हान ऱ्हीडनं, 'होर्तुस मलबारिकुस' हा मलबारच्या, म्हणजे आजच्या केरळातल्या, वनस्पतींवरचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. १६७८ साली अ‍ॅमस्टरडॅमला निघालेल्या पहिल्याच खंडात इट्टी अच्युदन वैद्यांचं निवेदन त्यांच्या लिपीत छापलेलं आहे. रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचं निवेदनही नागरीत आहे. आमची मदत कशी झाली, हे त्यांनी स्वतः सांगितलंय, सहीनिशी! दापोडीच्याच काळात मद्रास इलाख्यात रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी आपल्या रंगय्या आणि गोविंदू या चित्रकारांची नावं नोंदवली. गोविंदूच्या नावावरून तर एका ऑर्किडच्या प्रजातीला 'गोविंदूइया' हे नाव दिलं. चित्रकाराच्या नावानं प्रजाती! ज्याला नाव लिहावंसं वाटलं, त्यानं ते लिहिलं.

म्हणून आजच्या लोकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. देवराईवर, गडावरच्या फुलांवर, शहरातल्या झाडांवर हल्ली सुंदर सचित्र पुस्तकं निघतायत, कलाकार आणि अभ्यासक मिळून ती करतायत. फार आनंद होतो. पण वाट दाखवणारे महादेव कोळी दादा, कंदाची ओळख पटवून देणाऱ्या ठाकर आजी यांचा उल्लेख 'स्थानिकांचे आभार' एवढाच का? त्यांची परवानगी घेऊन त्यांचं पूर्ण नाव छापा, गावासकट, आतल्या पहिल्याच पानावर.

आणि गोवा-वसईकडच्या मित्रांनो, १८४७-५० च्या आसपास पुण्याला सरकारी बागेत चित्रं काढायला गेलेल्या कुणा पूर्वजाची आठवण तुमच्या घरात असेल, जुनं पत्र किंवा चर्चच्या रजिस्टरमधली नोंद असेल, तर कृपा करून मला मेसेज करा. त्या माणसाचं नाव मला मनापासून हवं आहे.