"मोलकरणीने राष्ट्राध्यक्ष पाडला" म्हणे!

गेले काही दिवस एकच मेसेज तीन ग्रुपवर फिरून आला आणि काल आमच्या काकांनी तो फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली जोडलेले हात आणि "विचार करायला लावणारं" असं. मेसेज लांबलचक आहे, थोडक्यात सांगते. फ्रान्सचा डॉमिनिक स्ट्रॉस-कान, नाणेनिधीचा म्हणजे आयएमएफचा प्रमुख, रंगेल पण भयंकर हुशार माणूस, पुढचा राष्ट्राध्यक्ष होणार हे पक्कं होतं, न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या एका मोलकरणीला पुढे करून त्याला अडकवलं, केस खोटी ठरली, बाई करोडपती झाली, फ्रेंच लोकांना असल्या गोष्टींचं काही वाटत नाही पण अमेरिकन पडले सोवळे म्हणून त्याचा बळी गेला. आणि शेवटी तात्पर्य की आजकाल कुणीही बाई उठून कुणाही मोठ्या माणसाला संपवू शकते.

मी सोडूनच देणार होते. पण "मोलकरीण" शब्दाला अडखळले, कारण मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात मी सहा वर्षं हाउसकीपिंगला होते, आधी रूम करायला आणि मग फ्लोअर सुपरवायझर म्हणून. तेव्हा काका, वाचा आता, मोठं आहे.

पहिलं, "राष्ट्राध्यक्ष होणार हे पक्कं होतं". बरं, २०११ च्या वसंतात पोल्समध्ये तो तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष सार्कोझीच्या पुढे होता हे खरंय. पण त्याने उमेदवारी जाहीरसुद्धा केली नव्हती, आधी समाजवादी पक्षाची प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवायची पक्षातली निवडणूक, जिंकायची होती, आणि तशीच एक प्रायमरी तो २००६ ला सेगोलेन रोयालकडून दणकून हरला होता, तिला साठ टक्के आणि याला वीसच्या आसपास. त्यात मार्च २०११ च्या एका पोलमध्ये पहिल्या फेरीत हा स्वतः उमेदवार धरूनसुद्धा कडव्या उजव्यांची मरीन ल पेन एका टक्क्याने पुढे होती. आणि फ्रान्समधल्या "पक्क्या" लोकांचा इतिहास बघा ना. बालादूर १९९५ ला पक्का होता, दुसऱ्या फेरीत पोचला नाही. जोस्पँ २००२ ला ल पेनच्या बापाच्या मागे तिसरा आला. जुपे २०१६ चं जवळजवळ अख्खं वर्ष पुढे होता आणि प्रायमरीतच गेला, आणि त्याला हरवणारा फियों पक्का झाला तर बायकोला कागदोपत्री नोकरी दाखवून पगार दिल्याच्या प्रकरणात बुडाला. आमच्याकडे म्हणतात ना, बाजारात तुरी. तिकडे तुरी पेरल्यासुद्धा नव्हत्या.

दुसरा मुद्दा सापळ्याचा, आणि मेसेजमधला सगळ्यात जास्त मजकूर यावरच आहे. सार्कोझीने केलं, अमेरिकेने केलं, डॉलर वाचवायला केलं वगैरे. या थिअरीला लोक का भुलतात ते समजतं, कारण अटकेच्या दोन-अडीच आठवडे आधी तो स्वतः लिबेरासिओं पेपरच्या पत्रकारांसमोर म्हणाला होता की माझ्यावर तीन बाजूंनी हल्ला होईल, पैसा, बायका आणि माझं ज्यू असणं. शिवाय पार्किंगमध्ये बलात्कार झाला असं सांगायला एखाद्या बाईला पाच-दहा लाख युरो कबूल करतील, असंही बोलला होता. मग १४ मे आला आणि लोकांना वाटलं, बघा, सांगितलं होतं की नाही!

पण त्या दिवशी झालं काय? शनिवार, दुपारी बाराच्या सुमारास, सोफिटेल हॉटेल, सूट २८०६. रूम करायला गेलेली बाई बाहेर आली, तिने जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. तो हॉटेल सोडून, जेवून, एअरपोर्टला गेला, आणि तिथून त्याने स्वतःच हॉटेलला फोन केला की माझा मोबाईल राहिलाय, मी जेएफकेला आहे. स्वतः पत्ता दिला! विमान सुटायच्या दहा मिनिटं आधी पोलिसांनी उतरवला. आता कट करणाऱ्यांनी म्हणे मोबाईलही चोरला आणि तो फोन करणार हेही त्यांना आधीच माहीत. जमतंय का बघा.

कटवाल्यांचा लाडका पुरावा मात्र वेगळाच आहे. बाईने सांगितल्यावर हॉटेलने पोलिसांना फोन करायला तासाहून जास्त वेळ का लावला? त्या तासात वरून कुणाकुणाशी बोलणी झाली? इथे मला हसू आलं आणि मग नाही आलं.

सांगते तो तास कसा जातो. आमच्याकडची एक मुलगी, चोविसेक वर्षांची, सकाळच्या शिफ्टला रूममध्ये गेली. नियम सगळे पाळले, तीनदा वाजवलं, "हाउसकीपिंग" म्हणून हाक मारली, उत्तर नाही, म्हणून मास्टर की लावली, ट्रॉली दारात आडवी लावली. गेस्ट बाथरूममधून टॉवेलवर बाहेर आला आणि त्याने तिचा हात धरला. ती ट्रॉली ढकलून पळाली. पँट्रीत चादरींच्या ढिगावर बसून होती, बोलेचना, बोलली ते वीस मिनिटांनी, आणि पहिलं वाक्य काय, तर "मॅडम, चार रूम बाकी आहेत". मी एक्झिक्युटिव्ह हाउसकीपरला सांगितलं, तिने सिक्युरिटीला, सिक्युरिटीने ड्युटी मॅनेजरला, त्याने गेस्ट कोण आहे ते आधी कॉम्प्युटरवर बघितलं. मग तिला दोनदा विचारलं, नक्की ना? मग मला बाजूला घेऊन, लॉग बुकात सध्या काही लिहू नका. दीड तास गेला आणि पोलिसांना फोन झालाच नाही. गेस्टची रूम बदलली, वरच्या मजल्यावर, जास्त चांगली दिली. मी लिहिलं नाही लॉग बुकात. ते माझं.

तेव्हा न्यूयॉर्कमध्ये तासाभराने का होईना फोन झाला, याचंच मला नवल वाटतं.

आता तिसरा मुद्दा, "केस खोटी ठरली". हे नीट घ्यायला पाहिजे, कारण यात थोडं खरं आहे आणि त्या थोड्याच्या जिवावर बाकीचं खपतं. कुठल्याही कोर्टाने त्याला दोषी ठरवलेलं नाही, हे आधी स्पष्ट. २३ ऑगस्ट २०११ ला न्यूयॉर्कच्या जजने केस काढून टाकली, आणि ती सरकारी वकिलांनीच काढा म्हणून सांगितलं. का, तर बाईने काही गोष्टी खोट्या सांगितल्या होत्या. आफ्रिकेतल्या गिनीमधून येऊन अमेरिकेत आश्रय मागताना फॉर्मवर खोटं लिहिलं होतं, गिनीत सामूहिक बलात्कार झाल्याची रचलेली गोष्ट सरकारी वकिलांना सांगितली होती, घटनेनंतर लगेच आपण काय केलं याची हकिकत बदलली होती. ज्युरीपुढे उभं राहून हिच्यावर विश्वास ठेवा असं आम्ही शंकेपलीकडे म्हणू शकत नाही, असं वकिलांचं म्हणणं. पण केस काढा म्हणणाऱ्या वकिलांच्या त्याच अर्जात हेही आहे की शारीरिक पुराव्यावरून दोघांत घाईघाईचा लैंगिक संबंध झाला हे दिसतं, तो जबरदस्तीचा होता की नाही हे पुराव्यावरून ठरत नाही. म्हणजे "काही घडलंच नाही" असं कुणीच म्हणालं नाही, तो स्वतःसुद्धा नाही. सप्टेंबरात तो फ्रेंच टीव्हीवर येऊन म्हणाला, हिंसा नव्हती, पण नैतिक चूक होती. आश्रयाच्या फॉर्मवर खोटं लिहिलेल्या बाईवर नंतर कधी कुणी हात टाकूच शकत नाही, असं काही आहे का? पुरावा अपुरा पडणं आणि आरोप खोटा ठरणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आपल्याकडे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा.

करोडपतीचं म्हणाल तर दिवाणी दाव्यात डिसेंबर २०१२ मध्ये ब्राँक्सच्या कोर्टात तडजोड झाली आणि रक्कम गुप्त ठेवली गेली. मेसेजमध्ये आकडा दिलाय तो कुणीतरी बसल्या बसल्या टाकलाय. आणि तिचं नाव आणि फोटो पण टाकलेत. आपल्याकडे अशा बाईचं नाव छापणं गुन्हा आहे, म्हणून मी इथे लिहिलेलं नाही, ती नंतर स्वतः टीव्हीवर आली असली तरी.

चौथा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "फ्रेंच लोकांना असल्या गोष्टींचं काही वाटत नाही." असल्या म्हणजे कसल्या? राष्ट्राध्यक्ष मितराँला लग्नाबाहेरची मुलगी होती, १९९४ मध्ये छापून आलं, लोकांनी खांदे उडवले. राष्ट्राध्यक्ष ओलांद २०१४ ला हेल्मेट घालून स्कूटरवरून नटीकडे जाताना पकडला गेला, लोक हसले. हे झालं लफडं. दोघांच्या राजीखुशीचं, नाराज झाली तर बायको. हॉटेलच्या खोलीत कामाला आलेल्या बाईला धरणं ही त्याच्या पुढची पायरी नाही, तो वेगळाच जिना आहे. पण आपल्या मराठीत सोयच अशी आहे की "भानगड", "प्रकरण", "रंगेल" या पिशवीत दोन्ही मावतात. बाहेरख्यालीही भानगड आणि बळजबरीही भानगड. फ्रेंचांकडेही अशीच पिशवी होती, "आमचा खासगी मामला" नावाची.

आणि त्या पिशवीला हात घालणारे तेव्हाही होते बरं का. २००७ मध्येच लिबेरासिओंच्या एका पत्रकाराने लिहिलं होतं की याची खरी अडचण बायकांशी वागणं ही आहे, आणि आयएमएफमध्ये हे चालणार नाही. त्याच वर्षी त्रिस्तान बानों या लेखिकेने टीव्हीवर सांगितलं की मुलाखतीला गेले तेव्हा एका नेत्याने माझ्यावर झडप घातली. चॅनलने नावावर बीप टाकला! टेबलाभोवती मंडळी हसतखेळत ऐकत होती. तिने तक्रार केली ती २०११ मध्ये, आणि पॅरिसच्या सरकारी वकिलांनी सांगितलं की लैंगिक हल्ला म्हणता येईल असं कबुलीत आहे पण मुदत टळून गेलीय. तो बीप माझ्या डोक्यातून जात नाही.

अटकेनंतर दोन दिवसांतल्या पोलमध्ये ५७ टक्के फ्रेंच लोक म्हणाले हा कट आहे. माजी सांस्कृतिक मंत्री जाक लांग म्हणाला, कुणी मेलं तर नाहीये. जाँ-फ्रान्स्वा कान नावाचा (नात्यातला नव्हे) ज्येष्ठ संपादक मोलकरणीच्या परकराला हात घातल्यासारखं काहीतरी बोलला, नंतर माफी मागून पत्रकारितेतून बाहेर पडला. मेसेजवाले इथपर्यंतचाच फ्रान्स बघतात. पण २२ मेला पॅरिसमध्ये बायका रस्त्यावर उतरल्या त्याही फ्रेंचच होत्या ना? आणि महिन्याच्या आत जॉर्ज त्राँ नावाच्या मंत्र्यावर ऑफिसातल्या बायकांनी तक्रारी केल्या, त्याला राजीनामा द्यावा लागला, आणि २०२१ मध्ये अपिलात शिक्षा झाली. २०१६ ला सतरा माजी मंत्री बायकांनी मिळून पत्र लिहिलं की आता गप्प बसणार नाही, त्यात सही कुणाची, तर क्रिस्तीन लागार्दची, जी आयएमएफमध्ये स्ट्रॉस-कानच्याच खुर्चीत बसली होती. अलीकडचा पेलिको खटला, नवऱ्यानेच गुंगी देऊन बायकोवर परक्या पुरुषांकडून बलात्कार करवले तो, तर इथेही सगळ्यांनी वाचलाय, खटला बंद दाराआड नको म्हणाली ती बाई. यांना काही वाटत नाही?

अमेरिकन सोवळे हेही ऐकून झालं. १९९८ च्या डिसेंबरात क्लिंटनवर महाभियोग झाला त्या आठवड्यात गॅलपच्या पोलमध्ये त्याची पसंती ७३ टक्के होती. ट्रम्पला मे २०२३ मध्ये दिवाणी ज्युरीने लैंगिक अत्याचारासाठी जबाबदार धरून पन्नास लाख डॉलर द्यायला सांगितले (तो नाकारतो), आणि नोव्हेंबर २०२४ ला तो निवडून आला. कसलं सोवळं? एवढं मात्र मान्य की बेड्या घातलेला माणूस कॅमेऱ्यांसमोरून फिरवायची त्यांची पद्धत वाईटच, फ्रान्समध्ये शिक्षा होण्याआधी असा फोटो छापायला २००० पासून कायद्याने मनाई आहे आणि त्यावर फ्रेंच लोक चिडले ते मला पटतं.

यातच पाचव्याचं उत्तर आलं, "कुणीही बाई कुणालाही संपवते". दक्षिण आफ्रिकेत झुमा या नेत्यावर बलात्काराचा खटला चालला, २००६ ला निर्दोष सुटला, २००९ ला राष्ट्राध्यक्ष, आणि तक्रार करणारीला देश सोडावा लागला. स्ट्रॉस-कान तरी कुठे संपला? २०१३ मध्ये सर्बियाच्या सरकारने त्याला आर्थिक सल्लागार नेमलं, लिलच्या वेश्याव्यवसायाच्या खटल्यातून २०१५ ला तो निर्दोष सुटला. राष्ट्राध्यक्षपद गेलं, जे मिळालेलंच नव्हतं.

२०११ च्या जूनमध्ये तो न्यूयॉर्कच्या कोर्टात आला तेव्हा बाहेर हॉटेलातल्या बायका युनिफॉर्म घालून उभ्या होत्या, शरम करा म्हणून ओरडत. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या हॉटेल युनियनने करारात मागून घेतलं की रूम करणाऱ्या प्रत्येकीकडे पॅनिक बटण असेल. छोटंसं, ॲप्रनच्या खिशात मावेल असं. आमच्या पँट्रीत बसलेल्या त्या मुलीच्या खिशात चॉकलेटं होती, टर्नडाउनला, म्हणजे संध्याकाळी बिछाना लावताना, उशीवर ठेवायची.

काका, तुम्ही हे वाचून "एवढं कशाला मनावर घेतेस" म्हणणार, माहितीय. म्हणा. पण मेसेजमध्ये अटकेचं साल २०१२ दिलंय ते चूक आहे, २०११ पाहिजे, पुढे पाठवणार असाल तर तेवढं तरी बदला, आणि तिचा फोटो काढून टाका.