लघुग्रहांना चंद्र असतात : चोपड्याच्या सरांना उत्तर

सर, नमस्कार.

लघुग्रहांच्या चंद्रांवर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं : डोंगराएवढ्या दगडाला कसलं आलंय गुरुत्वाकर्षण, शेजारून जाणारा दुसरा दगड फोटोत आला असेल, आणि असल्या सनसनाटी गोष्टींचा आपल्या चोपड्या-यावलच्या पोरांना उपयोग काय? तुम्ही आयुष्यभर विज्ञान शिकवलंत, पोरं तुमचा शब्द मनावर घेतात. म्हणून सविस्तर लिहितो.

शंका घेतलीत ते योग्यच. 1978 मध्ये हर्क्युलिना या लघुग्रहाने एक तारा झाकला, तेव्हा त्याला चंद्र असल्याचा दावा झाला होता. पुढे हबल दुर्बिणीने शोधलं, काहीच सापडलं नाही.

आयडा या लघुग्रहाची गोष्ट वेगळी आहे. नासाचं गॅलिलिओ यान आयडाजवळून 28 ऑगस्ट 1993 ला गेलं. फोटो सावकाश पृथ्वीवर येत राहिले आणि फेब्रुवारी 1994 मध्ये अ‍ॅन हार्च यांना त्यात एक ठिपका दिसला. तो एकाच फोटोत असता तर तुमचं मी लगेच मानलं असतं. पण तो अनेक फोटोंत होता, शिवाय यानावरच्या अवरक्त उपकरणानेही टिपला होता. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातले दगड एकमेकांजवळून सेकंदाला काही किलोमीटर वेगाने सुसाट जातात. असा वाटसरू प्रत्येक वेळी आयडाच्या बाजूलाच कसा सापडेल? हाच आयडाचा दीड किलोमीटरचा चंद्र, डॅक्टिल. त्यानंतर असे चंद्र असलेले चारशेहून अधिक लघुग्रह सापडलेत. सिल्व्हियाला दोन आहेत, इलेक्ट्राला तर तीन.

आता गुरुत्वाकर्षण. ते क्षीण आहे, यात वाद नाही. पण ओढ क्षीण असली तर चंद्राने हळू फिरावं, एवढंच लागतं. डिडिमॉस या लघुग्रहाभोवती फिरणारा त्याचा चंद्र डायमॉर्फस सेकंदाला जेमतेम 17 सेंटीमीटर सरकतो. आपली कपाशीने भरलेली बैलगाडीसुद्धा त्याच्या कितीतरी पुढे निघून जाईल! सूर्य त्याला ओढून का नेत नाही? कारण सूर्य दोघांनाही जवळपास सारखंच ओढतो. फरक पडतो तो त्या दोन ओढींमधल्या तफावतीचा, आणि इतक्या कमी अंतरात ती नगण्य असते.

उपयोगाचा मुद्दा मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. एकट्या लघुग्रहाचं वस्तुमान लांबून काढणं फार कठीण. चंद्र सापडला की त्याचं अंतर आणि फेरीचा वेळ यांवरून ते हिशेबात येतं. युजेनिया या लघुग्रहाची घनता तिच्या चंद्रामुळेच कळली : पाण्यापेक्षा थोडीच जास्त. म्हणजे आत अखंड खडक नाही, बऱ्याच पोकळ्या आहेत. 26 सप्टेंबर 2022 ला नासाने डार्ट यान डायमॉर्फसवर मुद्दाम आदळवलं. त्याची फेरी 11 तास 55 मिनिटांवरून सुमारे 33 मिनिटांनी कमी झाली, आणि हे पृथ्वीवरच्या दुर्बिणींतून मोजता आलं. उद्या एखादा दगड पृथ्वीच्या वाटेवर आला तर याच ज्ञानाचा आधार असेल.

आणि खान्देशातल्या पोरांना आकाशाचं गणित परकं का वाटावं? चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता. 1207 चा शिलालेख त्याची साक्ष देतो.

दहावीच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षणाचा पहिलाच धडा आहे, केप्लरचे नियमही तिथेच. एकदा वर्गात हे उदाहरण घालून बघा : डिडिमॉस ते डायमॉर्फस अंतर 1.2 किलोमीटर, टकरीआधीची एक फेरी 11 तास 55 मिनिटांची, तर दोघांचं मिळून वस्तुमान किती? उत्तर साधारण 55 कोटी टन यायला हवं. पोरांनी काय विचारलं ते मला जरूर कळवा.