तीन चुली, एक गणपती आणि हॅलोवीनचा नवा अल्बम

गणपतीत आमच्या घरी मोबाईलला रेंज नसते. म्हणजे एरवीही नसतेच, पण सगळे चाकरमानी एकदम गावाला आले की खिडकीत जी काय एक काडी यायची तीपण गायब. त्यात २०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टला आणि हॅलोवीन बँडचा 'जायंट्स अँड मॉन्स्टर्स' हा नवा अल्बम २९ ला, म्हणजे बरोब्बर तिसऱ्या दिवशी. काय करणार, घरी सांगितलं ऑफिसचा कॉल आहे, छत्री घेतली आणि सड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या उघड्या माळावर, जाऊन बसलो. दहा गाणी उतरायला पाऊण तास लागला, शेजारी कोणाचीतरी म्हैस चरत होती आणि पाऊस आडवा मारत होता.

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तो भोपळ्यांचा परदेशी सण वेगळा. हा जर्मनीतल्या हॅम्बर्गचा मेटल, म्हणजे जड आणि जोरकस रॉक वाजवणारा बँड, १९८४ सालचा. लोगोत भोपळा आहे म्हणून हे दरवेळी सांगावं लागतं.)

मला हा बँड लागला रत्नागिरीला होस्टेलवर. कोणीतरी एमपी३ ची सीडी दिलेली, तिच्यात त्यांच्या 'कीपर ऑफ द सेव्हन कीज' या अल्बमचे दोन्ही भाग होते, १९८७ चा आणि ८८ चा. तोपर्यंत मी जे काय मेटल ऐकलेलं ते सगळं रागावलेलं. इथे मात्र एक माणूस पार वरच्या पट्टीत गातोय, मागे दोन गिटार जोडीने चाल वाजवतायत, ड्रमवाला सुटलाय आणि एवढं सगळं होऊन चाल अशी की आंघोळ करताना गुणगुणता यावी. याला पॉवर मेटल म्हणतात हे नंतर कळलं. पहिल्या भागाच्या वेळी तो गाणारा मायकेल किस्के १९ वर्षांचा होता हे तर अजून नंतर कळलं, आणि ते ऐकून आम्ही सगळे १९-२० वर्षांचे लोक थोडा वेळ गप्प बसलो होतो.

पुढे घर फुटलं. काई हान्सन, ज्याच्या डोक्यातनं हे बरंचसं निघालं, तो बाहेर पडला आणि त्याने गामा रे हा स्वतःचा बँड काढला. १९९३ ला किस्केला बाहेर जावं लागलं, ९४ ला त्याच्या जागी गायला अँडी डेरिस आला. १९९५ मध्ये मूळचा ड्रमर इंगो श्विश्टेनबर्ग हे जगच सोडून गेला, त्याबद्दल आजही नीट लिहिता येत नाही. किस्के आणि गिटारवाला मायकेल वाइकाथ यांचं तर कित्येक वर्षं विळ्या-भोपळ्याचं सख्य. लोगोत भोपळा असलेल्या बँडला ही म्हण जेवढी लागू पडते तेवढी दुसऱ्या कोणालाच पडत नसेल.

आणि मग २०१७ च्या टूरला हान्सन आणि किस्के दोघेही परत आले. परत येणारे खूप असतात हो, त्यात मोठं काही नाही. मोठी गोष्ट ही की डेरिस गेला नाही. वीस-बावीस वर्षं ज्या माणसाने बँड ओढला त्याला कोणी 'आता उठ' म्हटलं नाही, आणि त्यानेही ज्याच्या जागेवर आपण आलो त्याच माणसासाठी सरकून जागा करून दिली. आता सात जण आहेत, त्यात गाणारे तीन, किस्के, डेरिस आणि हान्सन.

आमच्या घरी चुली तीन आहेत. आजोबांच्या मागे काकालोक वेगळे झाले, बांधावरून बोलणं बंद झालं, एका फणसावरून तर तालुक्याला हेलपाटे झाले. पण गणपती एकच, मूळ घरात. पाळी ठरलेली, यंदा ह्याची, पुढच्या वर्षी त्याची. ज्याची पाळी त्याने खर्च करायचा आणि बाकीच्यांनी माटवी (गणपतीच्या वर फळं-पानं बांधायची चौकट) बांधायला यायचं, न बोलता का होईना. तर मला हॅलोवीन समजतो तो असा.

२०२१ चा अल्बम एकत्र आल्यानंतरचा पहिला, नुसतं बँडचं नाव लावलेला. चांगलाच होता. डॅनी ल्योब्लेने त्यात ड्रम वाजवले ते इंगोच्या जुन्या सेटवर, यावरूनच कळतं किती मनापासून केलेलं. पण ऐकताना मला सारखं लग्नाच्या व्हिडिओसारखं वाटायचं. सगळ्यांनी नवे कपडे घातलेत, प्रत्येकाला फ्रेममध्ये घ्यायचंय, एक ओळ तुझी एक ओळ माझी, कोणी नाराज व्हायला नको. आणि शेवटी १२ मिनिटांचं गाणं, म्हणजे पंगतच.

नवा अल्बम हा लग्नानंतरचा संसार आहे. इथे कोणी कोणाला सांभाळून घेत नाही, ज्याची पाळी तो वाजवतो. पहिल्याच गाण्यात तिघेही गातात पण मला तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत लक्षातच आलं नाही की कोण कुठे बदललं, आणि हेच मला सगळ्यात आवडलं. दुसरं 'सेव्हियर ऑफ द वर्ल्ड' सरळ जुन्या वळणाचं, किस्के मोकळा सोडलेला. ५७ वर्षांचा माणूस हा, आमच्याकडे या वयात लोक गुडघ्याला तेल लावतात.

तिसरं गाणं मला नाही आवडलं, उगाच गोडगोड, दुधाच्या जाहिरातीला चालेल. टोकियोवरचं गाणं डेरिसचं, जपानवरच्या प्रेमाचं, मैदानात हजार माणसांनी हात वर करून म्हणायला उत्तम, पण सड्यावर एकट्याने ऐकायला जरा रिकामं वाटतं. असो. 'युनिव्हर्स' हे आठ मिनिटांच्या वरचं गाणं साशा गेर्स्टनरने लिहिलेलं, जो ना जुन्या घरातला ना परत आलेला, मधल्या काळात आलेला गिटारवाला, आणि अल्बममधलं सगळ्यात 'कीपर' वाटणारं गाणं त्याने लिहावं! मूळ पुरुषासारखं नाक सख्ख्यांपैकी कोणाचं नसतं आणि चुलत्याच्या पोराचं असतं, तसं. कोरस येतो तेव्हा, जाऊदे, ऐका.

शेवटचं 'मॅजेस्टिक' हान्सनचं. तेही आठेक मिनिटांचं, जड, सावकाश उलगडत जाणारं, आणि त्याचा तो जरासा खरखरीत आवाज. तो काही गोड गळ्याचा गायक नाही, कधीच नव्हता, पण भजनात एक म्हातारा असतो ना, सूर थोडा इकडेतिकडे पण शब्द त्याच्या तोंडून आला की खरा वाटतो, तशातला.

भजनावरून आठवलं. शनिवारी रात्री वाडीतलं भजन आमच्याकडे होतं, अभंग झाला, गौळण झाली, गजर असा चढला की झांजवाल्या पोरांचे हात दिसत नव्हते. उसळपाव खाऊन मंडळी पुढच्या घरी गेली आणि आबाकाका (पखवाज त्यांचाच, गेली चाळीस वर्षं) ओट्यावर टेकले. मी बाजूलाच, कानात हेडफोन. म्हणाले, "ह्यां काय लावलंस रे, दाखय." एक कान त्यांना दिला. 'सेव्हियर'च चालू होतं. थोडा वेळ मांडीवर बोटं धरली, मग थांबले.

"ह्यो ठेको हातान नाय होवचो."

म्हटलं काका, तो पायाने वाजवतो, दोन पायांना दोन पेडल.

"पायान? मगे हातान काय करता?"

म्हटलं हाताने बाकीचं. यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गाणारा कोण विचारलं, वय सांगितलं तर म्हणाले, "आयकान वाटणा नाय." त्यांच्याकडून एवढं येणं म्हणजे काय हे आमच्या भजनातल्या पोरांना विचारा, त्यांना वर्षभरात एवढं मिळत नाही.

मग मी हुशारी केली. म्हटलं आता एक हळू गाणं ऐका, 'इन्टू द सन', किस्के आणि डेरिस दोघे मिळून गातात, एकेकाळी एकाच्या जागी दुसरा आलेला आणि आता समोरासमोर उभे राहून गातायत, बघा कसं वाटतं. डोळ्यांत पाणी काढणारं गाणं आहे ते, माझ्या तरी. मी सगळी गोष्ट सांगितली, किस्के कसा गेला, वाइकाथशी कसं वाकडं झालं, मग कसे एक झाले. वळून बघतो तर काका हेडफोनसकट झोपलेले.

दुसऱ्या दिवशी गौर यायची म्हणून पहाटेच उठून तेरडा आणायला गेले. मागीलदारी मला बघून फक्त दोन्ही पाय जमिनीवर आळीपाळीने आपटून दाखवले, जमत नाही म्हणून मान हलवली आणि गेले.